हास्य-प्रश्नमंजुषा, टीव्हीवरची आणि आपल्या पेठेतली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रावण लागला की मंडळांचे निरोप सुरू होतात. "यंदा ऑर्केस्ट्रा नको, ते भोंग्याचं काहीतरी बसवायचं हाय, कसं करायचं सांगा." आम्ही कोल्हापुरातली काही मंडळी गणेशोत्सवात, शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि तालमींच्या कार्यक्रमांत हास्य-प्रश्नमंजुषा बसवतो. टीव्हीवरचे या धर्तीचे इंग्लिश कार्यक्रम बघणारेही आम्हाला शंका विचारतात. दोन्हीकडचे प्रश्न इथं एकत्र केले आहेत, आधी टीव्हीचे आणि मग पेठेचे. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडं आलं असेल तिथं त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हास्य-प्रश्नमंजुषा म्हणजे विनोदी 'करोडपती' का?

नाही. 'कौन बनेगा करोडपती' ३ जुलै २००० ला सुरू झालं आणि २०१३ मध्ये सचिन खेडेकरांच्या सूत्रसंचालनात ते मराठीत आलं. तिथं समोर बसलेला माणूस तुमच्याआमच्यातला असतो आणि एका उत्तरावर त्याच्या घराचं कर्ज फिटणार असतं. म्हणून तिथं शांतता लागते, मंद दिवे लागतात, धडधड वाढवणारं संगीत लागतं.

हास्य-प्रश्नमंजुषेत खेळणारे आधीच नावाजलेले असतात: विनोदी नट, लेखक, खेळाडू, गायक, कधी एखादा पुढारी. जिंकून त्यांना काही मिळवायचं नसतं. प्रश्न आला की ते बोलायला लागतात, उत्तर शोधता शोधता भलतीकडंच जातात, एकमेकांची फिरकी घेतात आणि सूत्रसंचालक त्यांना वळवून पुन्हा प्रश्नावर आणतो. लोकांना उत्तराची उत्सुकता असतेच, पण त्याहून जास्त मजा असते ती हजरजबाबी माणसं मोठ्यानं विचार करताना बघण्यात.

२. हा प्रकार सुरू कुठं झाला?

नामवंतांना टेबलामागं बसवून खेळ खेळायची पद्धत अमेरिकेत जुनी आहे. 'व्हॉट्स माय लाइन?' हा कार्यक्रम १९५० मध्ये तिथं टीव्हीवर आला. समोरच्या पाहुण्याचा व्यवसाय प्रश्न विचारून ओळखायचा, एवढाच खेळ. पण विनोदासाठीच प्रश्नमंजुषा ही गोष्ट रुजली ब्रिटनमध्ये आणि तीही रेडिओवर. बीबीसी रेडिओवर १९७२ मध्ये 'आयम सॉरी आय हॅवन्ट अ क्लू' सुरू झालं आणि १९७७ मध्ये आठवड्याच्या बातम्यांवरचं 'द न्यूज क्विझ'. टीव्हीवर १९९० मध्ये 'हॅव आय गॉट न्यूज फॉर यू' आलं, २००३ मध्ये 'क्यूआय' आणि २००७ मध्ये 'वुड आय लाय टू यू?'

या तिघांची जात वेगळी आहे. पहिल्यात बातम्या, दुसऱ्यात सर्वसामान्य ज्ञान, तिसऱ्यात थापा. आपल्याकडं बसवायचं झालं तर यातलं काय उचलायचं हे आधी ठरवावं लागतं. आम्ही दुसऱ्याचा पाया घेतो आणि शेवटची फेरी तिसऱ्याची ठेवतो (प्रश्न १३).

३. 'क्यूआय'मध्ये बरोबर उत्तर देऊनसुद्धा कधी फार गुण मिळत नाहीत, आणि चुकलं की एकदम गुण उडतात. असं का?

कारण तिथं चूक उत्तराला शिक्षा नाही, सगळ्यांच्या तोंडात बसलेल्या चूक उत्तराला आहे. कार्यक्रमाचे जनक जॉन लॉइड यांची कल्पना अशी की माणूस न विचार करता जे उत्तर देतो, तिथंच खरी गंमत लपलेली असते. म्हणून संशोधक मंडळी (त्यांना तिथं 'एल्व्ह्ज' म्हणतात) पाहुणा कुठल्या खड्ड्यात पडेल ते आधीच ओळखून ठेवतात. पाहुण्यानं नेमकं तेच उत्तर दिलं की मोठ्यानं भोंगा वाजतो, ते शब्द मागच्या पडद्यावर झळकतात आणि गुण कापले जातात. उलट, उत्तर चुकलं पण बोलणं रंजक असलं तर गुण मिळतातही. ॲलन डेव्हिस पहिल्यापासून जवळजवळ प्रत्येक भागात आहेत आणि उणे गुणांनी शेवटी राहणं ही त्यांची ओळखच झाली आहे. सुरुवातीला सूत्रसंचालक स्टीफन फ्राय होते, २०१६ पासून सँडी टॉक्सविग आहेत. प्रत्येक पर्व इंग्रजी वर्णमालेच्या एका अक्षरावर बेतलेलं असतं.

आमच्या मते या सगळ्या पद्धतीचा कणा म्हणजे हा भोंगा. तो कुठं आणि कसा वाजवायचा ते प्रश्न १० मध्ये आहे.

४. मग जिंकणाऱ्याला मिळतं काय?

टाळ्या. पेठेत आम्ही नारळ आणि फेटा देतो, हरणाऱ्यालाही देतो.

५. हे सगळं आधी लिहून पाठ केलेलं असतं, असं ऐकलं. खरं आहे का?

अर्धवट खरं. सूत्रसंचालकाचं निवेदन, प्रश्न आणि त्यांचा क्रम लिहिलेला असतो. पाहुण्यांना विषयाचा अंदाज असू शकतो. रेकॉर्डिंग लांबलचक चालतं आणि त्यातलं उत्तम तेवढं काढून अर्ध्या तासाचा भाग बनतो. प्रत्येक वाक्यावर हशा कसा पिकतो याचं गुपित कात्रीत आहे. पण दोन पाहुण्यांमधली जुगलबंदी लिहून येत नाही. 'वुड आय लाय टू यू?'मध्ये पाहुण्याला समोरचं कार्ड त्याच क्षणी पहिल्यांदा वाचायचं असतं. त्यावरची गोष्ट त्याच्या आयुष्यातली असेल तर ती त्याला सांगायची असते, आणि थाप असेल तर तिथल्या तिथं रचायची असते.

ज्यांना "फिक्सिंग" हा शब्द आठवतो त्यांनी एक फरक ध्यानात घ्यावा. अमेरिकेत १९५० च्या दशकात पैशाच्या प्रश्नमंजुषांमध्ये स्पर्धकांना आधी उत्तरं पुरवली जात होती. 'ट्वेंटी-वन' या कार्यक्रमाचा गाजलेला विजेता चार्ल्स व्हॅन डोरेन यानं १९५९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढं ते कबूल केलं आणि १९६० मध्ये असल्या लबाडीवर कायद्यानं बंदी आली. तिथं बक्षिसाची मोठी रक्कम होती, त्यामुळं ती सरळ फसवणूक होती. हास्य-प्रश्नमंजुषेत पणाला काहीच लागलेलं नसतं. तयारी किती चालेल हा प्रश्न उरतो, त्याबद्दल प्रश्न १२ पाहा.

६. कबूल केलेला पाहुणा ऐनवेळी आलाच नाही तर?

'हॅव आय गॉट न्यूज फॉर यू'चा किस्सा प्रसिद्ध आहे. १९९३ मध्ये मजूर पक्षाचे नेते रॉय हॅटर्सली यांनी तिसऱ्यांदा ऐनवेळी नकार कळवला, तेव्हा त्यांच्या खुर्चीसमोर डुकराच्या चरबीचा डबा ठेवून संघनायक पॉल मर्टन यांच्या जोडीला तोच पाहुणा म्हणून खेळवला. याच कार्यक्रमानं २००२ मध्ये आपला सूत्रसंचालक अँगस डेटन कार्यक्रमातून बाहेर पडल्यावर त्या जागी कायमचा माणूस घेतलाच नाही. तेव्हापासून दर भागाला नवा सूत्रसंचालक येतो, आणि तरीही कार्यक्रम चालू आहे.

आपल्याकडं मोकळ्या खुर्चीवर गुळाचा रवा (ढेप) ठेवायची कल्पना बऱ्याच मंडळांना सुचते. राजकीय नेता टीव्हीवर तिसऱ्यांदा टांग मारतो तेव्हा ते शोभतं. पेठेतल्या माणसाच्या घरी आजारपण असतं, दुकानात माल येतो, ड्यूटी बदलते. त्याला चौकात शरमेनं मान खाली घालायला लावू नये. आम्ही एक राखीव पाहुणा आधीच सांगून ठेवतो आणि त्याला राखीव म्हणून नव्हे, पाहुणा म्हणूनच बोलावतो.

७. आपल्या मराठी विनोदी कार्यक्रमांत हे का दिसत नाही?

मराठी वाहिन्यांवरचा विनोद नाटुकल्याच्या अंगानं वाढला. 'चला हवा येऊ द्या' २०१४ पासून आणि 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८ पासून घराघरांत पोहोचली ती लिहिलेल्या, बसवलेल्या प्रवेशांवर. ही आपल्या रंगभूमीची, वगनाट्याची, एकांकिकेची परंपरा आहे आणि तिचं बळ मोठं आहे. पण आपल्याकडं आणखी एक परंपरा आहे, बतावणीतल्या सवाल-जवाबाची आणि कट्ट्यावरच्या टोल्या-प्रतिटोल्याची. मिरजकर तिकटीला संध्याकाळी अर्धा तास उभं राहिलं तरी समजतं की लेखकाशिवाय हसवणारी माणसं या गावात किती आहेत. हास्य-प्रश्नमंजुषा त्यांच्यासाठी आहे, म्हणून आम्हाला हा प्रकार मनापासून आपला वाटतो.

८. पेठेतल्या कार्यक्रमाला 'सेलिब्रिटी' आणायचे कुठून? आमचं बजेट नाही.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि इथंच बहुतेक मंडळं पहिलं पाऊल चुकीचं टाकतात. मुंबईहून मालिकेतला चेहरा आणला तर मानधन, गाडी आणि राहण्याची सोय यातच वर्गणी संपते. एवढं करून तो दोन संवाद म्हणतो आणि सेल्फी देऊन जातो. त्याचा पेठेशी संबंध नाही, त्यामुळं त्याच्या बोलण्याला लोक हसतात ते सौजन्यानं.

कोल्हापुरात प्रसिद्ध माणसांचा तुटवडा नाही. शाहू स्टेडियमवर ज्याच्या गोलला गॅलरी उभी राहते तो स्ट्रायकर या गावात नटापेक्षा मोठा आहे. जुन्या पैलवानाला बोलवा, हलगी वाजवणाऱ्याला बोलवा. चार पिढ्यांना गणित शिकवलेल्या बाई, मिसळीच्या दुकानाचे मालक, नाट्यस्पर्धांत बक्षिसं मिळवलेला बँकेतला कारकून, आकाशवाणीवर ज्यांचा आवाज गाव ओळखतं ते निवेदक, हे सगळे चालतात. निकष एकच ठेवा: नाव घेतल्यावर समोरच्या शंभर माणसांतल्या निम्म्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू यायला पाहिजे.

चौघांची निवड करताना स्वभाव बघा. एक बोलघेवडा, एक कमी बोलून नेमकं बोलणारा, एक भाबडा आणि एक जाणकार. चारही बोलघेवडे असले तर कुणाचंच ऐकू येत नाही. जोड्या लावताना फुटबॉलचं भान ठेवा. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ या प्रतिस्पर्धी संघांचे समर्थक समोरासमोर बसवले तर कार्यक्रम तिथंच सामन्यात बदलतो. त्यांना एकाच संघात बसवा. मग ते उत्तरासाठी एकमेकांना दोष देतात आणि दोन्हीकडचे पाठीराखे एकाच संघासाठी ओरडतात.

आणि चौघांत निदान एक, शक्य तर दोन बायका असू द्या. कोपऱ्यात शोभेला बसवू नका, पहिला प्रश्न त्यांच्याकडं जाऊ द्या.

९. प्रश्न काढायचे कसे? आम्ही सामान्यज्ञानाच्या पुस्तकातले घेतले, पण कुणी हसलंच नाही.

सामान्यज्ञानाच्या पुस्तकातल्या प्रश्नाला एकच उत्तर असतं आणि ते येतं किंवा येत नाही. येणारा पटकन सांगतो, न येणारा गप्प बसतो. दोन्हीत बोलायला काही नाही. हास्य-प्रश्नमंजुषेचा प्रश्न असा लागतो की प्रत्येकाला वाटलं पाहिजे, "हे तर मला माहीत आहे," आणि प्रत्येकाचं चुकलं पाहिजे.

आमच्या वहीतले काही नमुने. भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता? सगळे हॉकी म्हणतात. केंद्र सरकारनं कुठलाच खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही. भारताची राष्ट्रभाषा कोणती? हिंदी म्हटलं की भोंगा, कारण राज्यघटनेच्या कलम ३४३ मध्ये हिंदी संघराज्याची राजभाषा आहे आणि राष्ट्रभाषा अशी कुठलीच नाही. 'कोल्हापुरी चप्पल' हे नाव कुठल्या जिल्ह्यातल्या चपलेला लावता येतं? इथं लोक छाती काढून "कोल्हापूर!" म्हणतात. २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. हे सांगितल्यावर मंडपात जो गलका होतो त्यात सूत्रसंचालकानं दोन मिनिटं गप्प बसायचं.

सगळ्यात रंगलेला प्रश्न मात्र अंबाबाईच्या किरणोत्सवाचा. मंगळवार पेठेतल्या एका कार्यक्रमात विचारलं होतं, "किरणोत्सवात देवीच्या मूर्तीवर पडतात ती किरणं दिवसाच्या कुठल्या वेळची?" फुटबॉलपटूनं बझर दाबायच्या आधीच सांगितलं, "सकाळची की! देवाला उगवतीचीच किरणं लागणार." भोंगा वाजला. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका त्याच्याकडं वळल्या आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, "महाद्वार कुठल्या दिशेला आहे रे?" तो टेबलावर बोटानं रस्ते काढायला लागला. बिंदू चौक इकडं, भवानी मंडप इकडं, म्हणजे... बोट थांबलं. "बाई, म्हणजे देवीचं तोंड पश्चिमेला? रोज दर्शन घेतोय की वो मी!" मंडप कोसळला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की नोव्हेंबरात ९ ते ११ आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत जातात, पहिल्या दिवशी चरणांपाशी आणि मग वर वर. त्यानंतर सगळे ऐकत होते, लहान मुलंसुद्धा.

त्या क्षणात आम्हाला हवं असलेलं सगळं आहे. हसायला कारण झालं ते त्याचं अज्ञान नाही. डोळ्यासमोरची गोष्ट आपणही कधी नीट बघितली नव्हती, हे मंडपातल्या प्रत्येकाला एकाच वेळी कळलं, म्हणून हशा पिकला. म्हणून गुण तुम्ही कसेही द्या, मनाला येईल तसे द्या. पण माहिती पक्कीच हवी. प्रत्येक उत्तर दोन वेगवेगळ्या ठिकाणी तपासा, आणि स्थानिक प्रश्न असेल तर त्या गोष्टीत रोज वावरणाऱ्या माणसाला विचारा. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर हे ठिकाण धरू नका.

१०. भोंगा कधी वाजवायचा? आमच्या पोरांनी प्रत्येक चुकीला वाजवला आणि लोक वैतागले.

प्रत्येक चुकीला वाजवायचा नाही, ठरवलेल्या चुकीलाच वाजवायचा. प्रश्नपत्रिकेवर प्रत्येक प्रश्नाखाली 'भोंग्याचं उत्तर' लिहून ठेवा. तेच शब्द आले तरच बटण. एका कार्यक्रमात पाच-सहा वेळा पुरे. भोंगा वाजल्या वाजल्या ते उत्तर लिहिलेली पाटी वर करा. "प्रश्न काढणाऱ्याला माहीत होतं तू हेच म्हणणार," हे लोकांना दिसलं की खरी मजा येते. पाटी मोठ्या ठळक अक्षरांत हवी, मागच्या रांगेतल्या आजीला वाचता आली पाहिजे.

आवाजाचं भान ठेवा. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले मोजके दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देतं, ते दिवस कुठले ते त्या वर्षी पोलीस ठाण्यात विचारून घ्या. भोंगा गाडीचा हॉर्न नसावा. लहान बाळं दचकतात आणि दवाखाना जवळ असेल तर ते बरंही दिसत नाही. हलगीचा एक कडक ठोका त्याहून चांगला चालतो आणि आपला वाटतो.

११. पाहुण्यानं आमचंच उत्तर चूक आहे म्हणून वाद घातला तर?

आधी प्रश्न नीट वाचा. बहुतेक वाद उत्तराचे नसून प्रश्नातल्या गाळलेल्या शब्दाचे असतात. ठळक उदाहरण खाशाबा जाधवांचं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्य मिळवलं. "भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक कुणाचं?" असं विचारलं तर कुणीतरी नॉर्मन प्रिचर्डचं नाव काढणार. १९०० मध्ये पॅरिसला त्यानं धावण्यात दोन रौप्यपदकं मिळवली आणि ती भारताच्या नावावर धरली जातात. प्रश्नात "स्वतंत्र भारताचं" हा शब्द घाला, वाद संपतो. याच धाग्यावर पुढचा प्रश्न तयार होतो: महाराष्ट्राला त्यानंतर दुसरं वैयक्तिक पदक कधी? २०२४ मध्ये, पुन्हा पॅरिसला, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला नेमबाजीत. मध्ये ७२ वर्षं गेली. हे ऐकून टाळ्या पडल्या नाहीत असं कोल्हापुरात होत नाही.

तरीही वाद उरला तर सूत्रसंचालकानं मंचावर फोन उघडून शोधत बसू नये. दोन्ही बाजूंना गुण द्यावेत, पुढं जावं आणि नंतर तपासावं (प्रश्न १६).

१२. पाहुण्यांनी प्रश्न आधी मागितले तर द्यायचे का?

विषय द्या, प्रश्न देऊ नका. "एक फेरी खेळांवर आहे, एक कोल्हापूरवर" एवढं सांगितलं तर पाहुणा दोन-तीन किस्से आठवून येतो, आणि ते हवेच असतात. प्रश्न हातात पडला की तो उत्तर पाठ करतो आणि मग त्याचा आव ओळखू येतो.

अपवाद दोन. ज्याला ऐकायला कमी येतं किंवा मंचावर बोलायची धास्ती वाटते, त्याला पहिला प्रश्न आधी सांगा. सुरुवात जमली की पुढं तो स्वतःच रंगतो. आणि खरं-खोटं फेरीतली खरी गोष्ट ज्याची त्यानं आधी आपल्याला सांगितलेली असतेच.

१३. खरं-खोटं फेरी कशी घ्यायची?

प्रत्येक पाहुण्याला एक कार्ड द्यायचं. त्यावर त्याच्या आयुष्यातली एक गोष्ट एका ओळीत: "मी एकदा खासबागेच्या आखाड्यात पंचांनाच चितपट केलं होतं." काही कार्डं खरी, काही आम्ही रचलेली. खोटं कार्ड पाहुण्यानं मंचावरच पहिल्यांदा वाचायचं. समोरचा संघ उलटतपासणी घेतो आणि ठरवतो. उलटतपासणीला तीन मिनिटं पुरतात, त्यापुढं ती पोलीस चौकशी वाटायला लागते.

खोटं कार्ड लिहिताना ते खरं वाटेल इतकं साधं लिहा. "मी राष्ट्रपतींबरोबर जेवलो" कुणी मानत नाही. "मी रंकाळ्यावर चप्पल विसरून अनवाणी कॉलेजला गेलो" यावर माणसं खरोखर भांडतात. खऱ्या गोष्टीत तिसऱ्या माणसाचं नाव येत असेल, मग ती बायको असो की जुना मित्र, तर त्याची परवानगी आधी घ्या. हा नियम आम्ही कधीच सैल करत नाही.

१४. पुढाऱ्यांवर, जातीवर, दिसण्यावर विनोद चालतात का?

पुढाऱ्याच्या जाहीर कामावर चालतात, सगळ्या पक्षांच्या. एकाच पक्षाला धरून चालत नाहीत, आणि निवडणूक आचारसंहिता असेल त्या काळात ती फेरी पूर्ण वगळा. जात, धर्म, रंग, वजन, तोतरेपण, कुणाची बायको, कुणाची गरिबी यांवर नाही. "पाहुण्यालाच चालतं की" हे कारण आम्ही ऐकत नाही, कारण समोर त्याच्यासारखी माणसं बसलेली असतात आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

१५. टीव्हीवरचे किंवा जुन्या पुस्तकातले प्रश्न उचलले तर?

माहिती कुणाच्या मालकीची नसते, पण दुसऱ्यानं लिहिलेला विनोद जसाच्या तसा उचलू नये. मोठी अडचण वेगळीच आहे: माहिती शिळी होते. 'क्यूआय'नं स्वतः मान्य केलं की जुन्या भागांत सांगितलेल्या काही गोष्टी पुढच्या संशोधनात चुकीच्या ठरल्या, आणि ॲलन डेव्हिसना त्याबद्दल कापलेले गुण परत दिले. आपल्याकडं महाराष्ट्रातले जिल्हे किती हे विचारा. ऑगस्ट २०१४ मध्ये पालघर झाला तेव्हा ३५ चे ३६ झाले, तरी जुन्या वह्यांत ३५ लिहिलेलं सापडतं. औरंगाबाद आणि अहमदनगर ही नावं असलेला प्रत्येक जुना प्रश्न पुन्हा लिहावा लागतो. प्रश्नासमोर तो शेवटचा कधी तपासला ते लिहून ठेवा आणि दर वर्षी वही पहिल्या पानापासून चाळा.

१६. कार्यक्रम संपल्यावर कळलं की आम्ही लोकांना चुकीचं उत्तर सांगितलं. आता काय?

लपवू नका. दुसऱ्या दिवशी आरतीच्या आधी, लोक जमलेले असतात तेव्हा, माइकवरून बरोबर उत्तर सांगा. ते कुठून तपासलं तेही सांगा. ज्या पाहुण्याला भोंगा वाजवला होता त्याचे गुण परत द्या आणि हे त्याला आधी फोन करून कळवा. लोकांकडून त्याच्या कानावर जाऊ देऊ नका. शक्य असेल तर त्यालाच माइक द्या. चौकातल्या फळ्यावर रोजचा सुविचार लिहिता तिथं दोन दिवस तो प्रश्न आणि खरं उत्तर लिहून ठेवा, म्हणजे शाळेला जाणारी पोरंही वाचतील. त्या रात्री मंडपात ती होती आणि त्यांनी चुकीचं उत्तर ऐकलेलं आहे.